मैफल कशी झाली, हे नीट सांगायला हवं

भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते आणि तोवर मुंबईत रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा चांगला रुळला होता. तरी त्यांचाही आवाज कुठे साठवलेला नाही. असं असूनही या दोघांच्या गाण्याबद्दल आपल्याला बरंच ठाऊक आहे. फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ या तीन उस्तादांची विद्या भास्करबुवांनी एका गळ्यात कशी मुरवली, अल्लादियाखाँच्या ताना कशा गुंफलेल्या आणि वळणावळणाच्या असत, अनवट राग ते कसे उलगडून दाखवत, हे आपल्यापर्यंत आलं ते केवळ ऐकणाऱ्यांमुळे. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी कान देऊन ऐकलं आणि ऐकलेलं लिहून ठेवलं. आज भास्करबुवांच्या गायकीवर कुणी काही बोलतो तेव्हा त्याच्या हातात असतात ते त्या श्रोत्यांचे शब्द.

आता उलट झालं आहे. ध्वनिमुद्रण प्रत्येकाच्या खिशात आहे आणि शब्द संपले आहेत. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव सुरू झाला की दिवसाचं सत्र संपल्यावर लोक घरी पोचायच्या आत फोनवर लिहू लागतात. मांडवाचा फोटो, स्वरमंचाचा फोटो, तीस सेकंदांची चित्रफीत आणि खाली ‘स्वर्गीय’, ‘निःशब्द’, ‘कान तृप्त झाले’. हे सगळं मनापासून लिहिलेलं असतं, त्याबद्दल मला शंका नाही. चार-पाच तास मांडी घालून बसलेल्या माणसाला आनंद झालेला असतो आणि तो त्याला वाटायचा असतो. पण असे पन्नास संदेश वाचले तरी राग कोणता झाला, बंदिश कोणती होती, विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, किती वेळ चाललं, तबल्यावर कोण होतं, हे कळत नाही. कुठे रंगलं आणि कुठे उतरलं हे तर कुणीच सांगत नाही.

मला असं वाटतं, आणि ते आग्रहाने मांडायचं आहे, की मैफल ऐकून आलेल्या माणसाने तिच्याबद्दल नेमकं सांगायला हवं. काय झालं ते सांगावं, आवडलेलं का आवडलं ते सांगावं, खटकलेलंही सांगावं. ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या संगीताचा सार्वजनिक व्यवहार या सांगण्यावाचून आंधळा होत चालला आहे.

आपल्या मैफलीची एक खासियत इथे लक्षात घ्यावी लागते. नाटकाची संहिता असते, चित्रपट पुन्हा लावता येतो. हिंदुस्थानी संगीताच्या कार्यक्रमपत्रिकेवर मात्र कलाकाराचं नाव, साथीदारांची नावं (तीही नेहमी नाहीत), वेळ आणि प्रायोजक एवढंच छापलेलं असतं. काय गायचं ते पुष्कळदा तंबोरे जुळत असताना ठरतं. ही मोकळीक आपल्या संगीताचं बळ आहे, ती कुणी काढून घेऊ नये. पण तिचा परिणाम असा की त्या संध्याकाळी प्रत्यक्षात काय गायलं गेलं याची नोंद आधी कुठेच नसते. ती नंतरच होऊ शकते, आणि श्रोत्याने केली तरच होते.

पूर्वी या कामाचा एक भाग वर्तमानपत्रं करत. मैफलीनंतर दोन-तीन दिवसांनी परीक्षण येई, त्यात राग-ताल-बंदिशींसह गाण्याचा ताळेबंद असे, आणि ते वाचून घराघरांत वाद होत. आजही सवाईच्या दिवसांत पुण्यातली वृत्तपत्रं कोणी कोणता राग गायला ते रोज छापतात, ही चांगली गोष्ट आहे. मात्र तो वृत्तांत असतो; गाणं कसं झालं यावर त्यात सहसा एकच वाक्य, ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’. आणि सवाईचा मांडव सोडून कल्याण, मिरज, कोल्हापूर, फोंडा, नाशिक अशा ठिकाणी वर्षभर जे कार्यक्रम होतात त्यांच्या वाट्याला आयोजकांनी धाडलेल्या मजकुरापलीकडे फारसं काही येत नाही. मिरजेला अब्दुल करीमखाँच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणं होतं. तिथे वर्षानुवर्षं कितीतरी गायक-वादकांनी हजेरी लावली आहे. त्यातल्या किती हजेऱ्यांचं चार ओळींचं वर्णन आपल्याला सापडेल?

‘आता चित्रफितीच आहेत की, वर्णनाची गरज काय?’ असं कुणी म्हणेल. चित्रफितींमुळेच गरज वाढली आहे, असं माझं उत्तर आहे. तीस सेकंदांत काय मावतं ते पाहा. द्रुत तान मावते. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणलेला तुकडा, मावते. तबला आणि सतार यांचे सवाल-जवाब आणि त्यावर उसळलेल्या टाळ्या मावतात. विलंबित ख्यालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, तेसुद्धा तीस सेकंदांत मावत नाही. अतिविलंबित एकतालाचं आवर्तन मिनिटाच्या आसपास जातं. म्हणजे मैफलीचा जो गाभा, ती शांतपणे होणारी बढत, एकेका स्वराभोवतीची घडण, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची ओढ, ती या तुकड्यांतून कधीच पुढे जात नाही. आणि पुढे जातं त्याचा परिणाम गाणाऱ्यांवर होतो. ज्या गोष्टीचा तुकडा फिरतो ती गोष्ट कलाकार पुन्हा करणारच. त्याला पोट आहे, पुढचं आमंत्रण हवं आहे, आयोजकही तेच तुकडे पाहून आमंत्रण देतो.

हे आपल्याकडे एकदा होऊन गेलेलं आहे. १९०२ साली कलकत्त्याला गायिका गोहरजानचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर चढला. त्यापुढची कित्येक वर्षं एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं एवढीच मर्यादा होती. गायकांनी त्यात अप्रतिम काम केलं, अब्दुल करीमखाँच्या तबकड्या आजही ऐकताना गळा भरून येतो. पण तबकडीत बसेल असंच गाणं तबकडीवर आलं: थोडी आलापी, मध्य किंवा द्रुत लय, झटपट ताना. त्या काळी निदान तबकडीबाहेर रात्र-रात्र चालणाऱ्या बैठका होत्या आणि त्यांच्याबद्दल बोलणारी-लिहिणारी माणसं होती. तबकडी ऐकून कुणी म्हणालं की अमुक बाईंचं गाणं एवढंच, तर त्याला सांगणारा भेटे की बाबा रे, मैफलीत ऐकलं असतंस तर असं बोलला नसतास.

केसरबाई केरकरांचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याची तबकडी अवकाशात गेली तिच्यात त्यांची भैरवीतली साडेतीन मिनिटांची एक रचना आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या. गोव्यातल्या केरी गावच्या एका बाईचा आवाज सूर्यमालेबाहेर पोचला याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण केसरबाई म्हणजे ती साडेतीन मिनिटं नव्हेत. अल्लादियाखाँकडे वर्षानुवर्षं घासून मिळवलेली ती भरदार आकाराची, श्वास न तुटता चालणारी गायकी ज्यांनी समोर बसून ऐकली त्यांनी जे सांगितलं, त्यामुळेच त्या तबकडीतल्या साडेतीन मिनिटांमागे केवढं मोठं गाणं होतं हे आपल्याला उमगतं. तबकडी आणि साक्ष, दोन्ही लागतात.

शिवाय पूर्ण लांबीचं, उत्तम प्रतीचं ध्वनिमुद्रण मिळालं तरी मैफलीतला बराच भाग त्यात येत नाही. सभागृहात तबल्याचा डग्गा एवढा घुमत होता की गायिकेचे मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, स्वर बुडत होते, हे ध्वनिमुद्रणात कळणार नाही, कारण तिथे प्रत्येक माइक वेगळा घेऊन नंतर नीट केलेला असतो. गायकाने एकदा साउंडवाल्याकडे पाहून हात खाली केला आणि मग तबल्याची साथच बदलली, हे कळणार नाही. पुढच्या रांगेतल्या जाणत्या म्हाताऱ्या माणसाने एका निषादाला मान डोलावली आणि गायिका त्याच निषादावर पुन्हा पुन्हा येऊ लागली, हे तर मुळीच कळणार नाही. मैफल ही गाणारा आणि ऐकणारा मिळून करतात. तिची अर्धी हकीकत ऐकणाऱ्याकडे असते.

नेमकं सांगणं म्हणजे काय, हे दाखवण्यासाठी एका परिचित बाईंनी मला पाठवलेली टिपणी इथे देते. गायिका तरुण, कार्यक्रम लहानशा सभागृहातला. टिपणी अशी: ‘पूरिया, विलंबित एकताल, साधारण पाऊण तास. पहिली दहा मिनिटं ती मंद्रातच होती, निषाद-धैवतावर. षड्जावर यायची घाई अजिबात नव्हती. गंधार लागला तेव्हा सगळं सभागृह हललं. पुढे ताना सुरू झाल्यावर ऋषभावर दोन-तीनदा थांबली आणि मारवा डोकावला. तबलजींनी ठेका सोडला नाही, फार सुख वाटलं. हार्मोनियम जरा पुढेपुढे. द्रुत तीनताल घाईत उरकलं, कारण सत्कारात वीस मिनिटं गेली होती.’

ही टिपणी लिहिणाऱ्या बाई गात नाहीत. त्यांनी बरीच वर्षं ऐकलं आहे, एवढंच. पण पाहा त्यात काय काय आलं. पूरिया आणि मारवा यांचे स्वर तेच, फरक चालीत आणि ठेहरावात. पूरियात गंधार-निषादाला मान, मारव्यात ऋषभ-धैवताला. तो फरक कुठे पुसट झाला ते त्यांनी टिपलं. गायिकेचा संयम टिपला. साथीदारांचा न्यायाने विचार केला. आणि सत्कारापायी द्रुत बंदिशीचा बळी गेला हेही स्पष्ट नोंदवलं. एकही विशेषण नाही, तरी ते गाणं मला ऐकू आलं. त्या गायिकेच्या जागी मी असते तर शंभर ‘स्वर्गीय’पेक्षा ही एक टिपणी जपून ठेवली असती.

‘पण आम्हाला शास्त्र कळत नाही’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो, आणि तो प्रामाणिक असतो. लोक घाबरतात. राग चुकीचा सांगितला तर कुणी हसेल, असं त्यांना वाटतं. या भीतीला जाणकार म्हणवणाऱ्यांनी खतपाणी घातलं आहे. ज्याला राग ओळखता येत नाही त्याने बंदिशीचे पहिले शब्द लिहावेत, राग सांगणारा कुणीतरी भेटेलच. तेही नाही जमलं तर कुठे आपण सावरून बसलो, कुठे मन भरकटलं, कुठे शब्द कळले नाहीत, आवाज कानाला त्रास देत होता का, एवढं तर प्रत्येकाला सांगता येतं. ते सांगणंही मोलाचं आहे, कारण ते खरं असतं.

आणि संगीतावर लिहिणारे सगळे व्यवसायाने गवई होते, असं आपल्याकडे कधीच नव्हतं. विष्णु नारायण भातखंडे शिकलेले वकील. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत ऐकत-शिकत त्यांचा कान तयार झाला. १९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासाला निघाले आणि पुढे देशभर फिरून जिथे जे ऐकलं, ज्यांना जे विचारलं, ते वह्यांत लिहून आणलं. आज एखाद्या गावातला विद्यार्थी शंभर वर्षांपूर्वी बंद दाराआड असलेली बंदिश पुस्तक उघडून शिकतो, त्याच्या मुळाशी ते लिहिणं आहे. भातखंड्यांची मतं सगळ्यांना पटली नाहीत, पटायची गरजही नाही. लिहिलेलं होतं म्हणून तर त्यांच्याशी भांडता आलं. वामनराव देशपांडे चार्टर्ड अकाउंटंट होते. दिवसा हिशेब तपासायचे आणि घराण्यांचा स्वभाव काय, स्वर आणि लय यांचं प्रमाण कुठे कसं बदलतं, यावर मराठीत जे मूलभूत लिहिलं गेलं त्यात त्यांचं लेखन अग्रभागी आहे. त्यांनी गाण्याची तालीम घेतली होती हे खरं, पण त्यांच्या विचाराचं भांडवल म्हणजे त्यांनी आयुष्यभर केलेलं ऐकणं.

चेन्नईकडे पाहावं. १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाला जोडून झालेल्या संगीत परिषदेतून १९२८ साली तिथे म्युझिक अकादमी उभी राहिली, आणि डिसेंबरातला तिथला कर्नाटक संगीताचा हंगाम आज जगभर ठाऊक आहे. तिथल्या सभांमध्ये छोटी वही घेऊन बसलेले श्रोते दिसतात. वर्णम झालं, मग अमुक कृती, राग हा, ताल हा, रचनाकार हा, मुख्य कृती ही, त्यानंतर तनि आवर्तनम, म्हणजे तालवाद्यांचं स्वतंत्र वादन, असं ते उतरवून घेतात, घरी येऊन एकमेकांना पाठवतात आणि मग त्यावर दिवसभर चर्चा चालते. राग ओळखण्यात चूक झाली तर दुसरा दुरुस्त करतो, कुणी कुणाला हसत नाही. यामुळे एखादी गायिका या हंगामात तीच मुख्य कृती सगळीकडे गाते आहे का, कोणता राग कित्येक वर्षांत कुणी हाती घेतलेला नाही, हे तिथल्या साध्या श्रोत्यालाही सांगता येतं. आता कुणी म्हणेल, कर्नाटक संगीतात रचना ठरलेल्या असतात, आपल्याकडे तसं नाही. पण आपल्याकडेही बडा ख्याल, छोटा ख्याल, कधी तराणा, मग ठुमरी, नाट्यगीत किंवा अभंग, शेवटी भैरवी, हा साचा सर्वांच्या ओळखीचा आहे. पाच-सहा ओळींत त्याची नोंद होते. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले नवी मुंबईला आले तेव्हा कितीतरी मराठी मुलं त्या मैदानात होती. त्या संगीताच्या चाहत्यांमध्ये कोणतं गाणं कितव्या क्रमांकावर झालं याची यादी त्याच रात्री करून ठेवायची जुनी रीत आहे. म्हणजे नोंदीची सवय आपल्याच घरातल्या तरुणांना आहे. तीच मुलं ख्याल ऐकायला येतील तेव्हा त्यांच्या हातात तीस सेकंदांशिवायही काहीतरी असावं.

अशा नोंदी दहा वर्षं साठल्या तर काय दिसेल, याचा मला अंदाज आहे. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी सुरू केलेला पुण्याचा महोत्सव पुढे वाढला आणि रात्रभर चालू लागला. पहाटेची भैरवी ऐकून लोक घरी जात. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे पाळायला लावले, आणि उघड्यावरचे कार्यक्रम रात्री दहाला संपू लागले. वर्षातल्या काही मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत देता येते, तेवढीच. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क मला मान्य आहे, त्यात आजारी माणसं असतात, परीक्षेची मुलं असतात. पण या वेळापत्रकाने रागांचं काय केलं? दुपारी चार ते रात्री दहा म्हणजे मुलतानी, मधुवंती, मारवा, पूरिया, श्री, यमन, बिहाग यांचा काळ. मध्यरात्रीनंतरचे अडाणा, सोहनी, परज आणि पहाटेचा ललत यांनी जायचं कुठे? काही कलाकार मालकंस नऊ वाजता गातात. काही गातच नाहीत. रियाज असतो, पण लोकांसमोर मांडायची वेळच येत नाही, आणि जो राग लोकांसमोर येत नाही तो पुढच्या पिढीत क्षीण होतो. ही माझी भीती आहे. ती खरी की खोटी हे ठरवायला आज माझ्याकडे आठवणीखेरीज काही नाही. दहा वर्षांच्या नोंदी असत्या तर आयोजकांपुढे ठेवून म्हणता आलं असतं: ललत आमच्या शहरात इतक्या वर्षांत इतक्याच वेळा झाला, बंदिस्त सभागृहाला या नियमात वेगळी वागणूक आहे, तेव्हा वर्षातून एक रात्रभराची बैठक सभागृहात करा. नोंदीवाचून ती मागणी म्हणजे जुन्या लोकांची कुरकुर वाटते.

ध्वनिव्यवस्थेचंही तसंच. एका शहरातल्या मोठ्या कार्यक्रमात मी सतारवादन ऐकलं. तबल्याचा आवाज एवढा मोठा ठेवला होता की जोडझाल्यानंतर सतार म्हणजे मागे वाजणारी तार एवढीच उरली. मध्यंतरात चहाच्या रांगेत दहा जण तेच बोलत होते. दुसऱ्या दिवशी त्याच दहांपैकी काहींचे संदेश पाहिले, सगळ्यांत ‘अविस्मरणीय’. त्या दहांपैकी तिघांनी जरी तबल्याच्या आवाजाबद्दल एक ओळ लिहिली असती, तर पुढच्या वर्षी आयोजकांनी साउंडवाल्याला आधी दोन शब्द सांगितले असते. आयोजक वाईट नसतात. बहुतेक जण पदरमोड करून, सुट्ट्या टाकून हे करतात. पण त्यांच्या कानावर फक्त कौतुक पडतं आणि ते त्यालाच खरं धरतात. चहाच्या रांगेतलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

बोलायचं का टाळतो आपण? कारण हे जग लहान आहे. गायक ओळखीचा, त्याचा गुरू ओळखीचा, आयोजक तर सोसायटीतलाच. कुणाला दुखवायचं नसतं. ही भावना मी हलकी मानत नाही. पण न दुखवता खरं सांगता येतं, याचा पुरावा वर दिलेली टिपणी आहे. मारवा डोकावला असं म्हणण्यात त्या मुलीचा अपमान कुठे आहे? ते तिच्या गाण्याकडे पूर्ण लक्ष दिल्याचं चिन्ह आहे. दुखवतं ते वेगळंच: ‘भीमसेन ऐकल्यावर आता काय ऐकायचं’, ‘किशोरीताई गेल्या आणि संपलं’. असं बोलणारा माणूस समोरच्या गाण्याबद्दल काहीच सांगत नसतो, तो स्वतःच्या वयाबद्दल सांगत असतो. किशोरी आमोणकर २०१७ साली गेल्या. ती पोकळी मलाही जाणवते, त्यांचा भूप ज्याने समोर बसून ऐकला त्याला ती जाणवणारच. तरी आज पंचविशीतली मुलगी तंबोऱ्यांच्या मधोमध बसते तेव्हा तिला स्वतःच्या गाण्यावर तोलून घ्यायचा अधिकार आहे. तुलना करायची तर स्वर लावण्याच्या पद्धतीची करावी, बंदिशीच्या मांडणीची करावी. नुसतं मोठं नाव घेऊन तिला गप्प करू नये.

परदेशातल्या मराठी मंडळींवर ही जबाबदारी थोडी जास्तच येते. अमेरिकेत न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी दौऱ्यावर आलेले कलाकार कुणाच्या घराच्या दिवाणखान्यात चाळीस-पन्नास माणसांसमोर गातात. माइक नसतो, घाई नसते, सत्कार नसतात. जुन्या बैठकीच्या सर्वांत जवळचं जर आज कुठे काही होत असेल तर ते अशा घरांत होतं. कलाकार तिथे मोकळा होऊन दीड तास एक राग गातो. आणि ते गाणं त्या चाळीस जणांखेरीज कुणालाच कळत नाही.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक आयोजकांकडे: कार्यक्रम झाल्यावर आठवड्याच्या आत काय सादर झालं याची यादी जाहीर करा. राग, बंदिश, ताल, सादरीकरणाचा अंदाजे वेळ आणि तंबोऱ्यावर बसलेल्या विद्यार्थ्यांपर्यंत सर्व साथीदारांची नावं. याला पैसा लागत नाही, एक माणूस आणि एक वही लागते. पुण्याचा भारत गायन समाज १९११ पासून उभा आहे, कोल्हापूरचा देवल क्लब त्याहून जुना, कल्याणला गायन समाज आहे. अशा संस्थांनी आपापल्या गावातल्या याद्या एकत्र ठेवायचं मनावर घेतलं तर दहा वर्षांत महाराष्ट्राच्या मैफलींचा विश्वासार्ह दस्तऐवज तयार होईल.

दुसरी मागणी श्रोत्यांकडे. त्याच रात्री, झोपण्याआधी, सात-आठ ओळी लिहा. दुसऱ्या दिवशीपर्यंत बंदिशीचे शब्द उडतात आणि दोन गायकांचा यमन एकमेकांत मिसळतो. लिहिलेलं मित्रांना पाठवा, जमल्यास कलाकारालाही पाठवा. आणि लिहिताना महोत्सवाच्या पहिल्या सत्रातल्या कलाकारापासून सुरुवात करा. दुपारी चारला मांडव निम्मा रिकामा असतो, लोक जागा शोधत असतात, आणि स्वरमंचावर जी तरुण गायिका किंवा वादक असतो त्याला जेमतेम पाऊण-एक तास मिळतो. त्या तासासाठी त्याने दहा-पंधरा वर्षं रियाज केलेला असतो. रात्रीच्या मानकऱ्यांबद्दल लिहायला माणसं मिळतात. चार वाजताच्या मुलतानीत त्या पोरीने कोमल ऋषभ कसा लावला, हे लिहिणारं माणूस तिला हवं आहे.